जुनं सिरॅमिक पोर्ट्रेट घेताय? आधी ते भट्टीतून आलंय का बघा

आमच्या वसईकडे सिमेटरीत काही थडग्यांवर लंबगोल फोटो असतात, तळहाताएवढे, चकचकीत, बशीच्या तुकड्यावर माणूस उमटल्यासारखे. लहानपणी दोन नोव्हेंबरला मेणबत्त्या लावायला गेलं की मला एकच प्रश्न पडायचा, चार महिने पाऊस यांच्यावर कोसळतो तरी हे फोटो धुऊन कसे जात नाहीत? घरातल्या भिंतीवरचा फोटो दोन पावसाळ्यांत बुरशी धरतो आणि हे आपले जसेच्या तसे.

उत्तर मिळायला मला लंडनला यावं लागलं. एका शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या बाजारात एक ब्रोच दिसला, त्यात मिशाळ गृहस्थ, कडक कॉलर, विकणारा म्हणाला व्हिक्टोरियन एनॅमल आहे, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली धातूवरची मीना, फोटो भाजून बसवलेला, शंभर वर्षं काही होणार नाही. मी ३५ पौंड मोजले. घरी आणून अंगठ्याने जरा चोळलं तर कापराचा वास आला! एनॅमल कसलं, सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकचं बटण होतं ते, कागदी फोटोवर पारदर्शक पापुद्रा चढवलेलं. तेव्हापासून सहा वर्षं मी हा नाद लावून घेतलाय, आज माझ्याकडे एकोणीस नग आहेत, त्यातले चार चुकून घेतलेले, ते वेगळ्या डब्यात ठेवलेत, नवीन माणसाला शिकवायला तेच जास्त उपयोगी पडतात.

तर हे सगळं ज्यांना पहिल्यांदा असं काही घ्यायचंय, किंवा ज्यांना घरातल्या जुन्या ट्रंकेत असं काही सापडलंय, त्यांच्यासाठी. तारीख, किंमत, कोणी बनवलं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, हे भट्टीतून गेलंय का? त्याचं उत्तर मिळालं की पुढची निम्मी कामं आपोआप सुटतात, साफ कसं करायचं ते पण.

१. आधी हे समजून घ्या (वाचायचा कंटाळा करू नका)

साधा जुना फोटो म्हणजे चांदी. कागदावर चांदीचे बारीक कण, आणि ते कण हवेने, दमटपणाने, नीट न धुतलेल्या रसायनाने खराब होतात, फोटो पिवळा पडतो आणि उडतो. हे त्या काळच्या लोकांनाही लगेच कळलं होतं. १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फोटो का उडतात याचा शोध घ्यायला चक्क समिती नेमली, राणीच्या नवऱ्याने, म्हणजे प्रिन्स अल्बर्टने, त्यासाठी ५० पौंड दिले. म्हणजे विचार करा, फोटोग्राफी जाहीर होऊन जेमतेम १६ वर्षं झालेली आणि लोकांना आपल्या मेलेल्या पोराचा फोटो डोळ्यांदेखत फिका पडताना दिसतोय.

मग साहजिकच कुणाच्या तरी डोक्यात आलं की चिनीमातीवरचा रंग तर शेकडो वर्षं टिकतो, फोटो तिथेच का नाही नेत. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये ब्यूलो आणि कातँ या दोघांनी पेटंट घेतलं, १८५५ मध्ये पॅरिसच्या लाफों द कामारसाकने आपली पद्धत तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडली आणि पुढे धंदाच तो केला, हजारो नग काढले. लंडनमध्ये जूबेर नावाचा मूळचा फ्रेंच कोरीवकाम करणारा होता (राणीच्या डोक्याचं चार पेनीचं तिकीट कोरणारा तोच), त्याने १८६० च्या सुमारास काचेवर फोटो भाजून दाखवले. नंतर लंडनमध्येच ए. एल. हेंडरसनने राणी व्हिक्टोरियासाठी एनॅमल पोर्ट्रेटं केली. पॅरिसमध्ये शतकाच्या शेवटी मात्यू-देरोश हे नाव मोठं होतं. नावं पाठ करायची गरज नाही, पण दुकानदाराच्या तोंडून आली तर कान टवकारायला बरी.

आता अडचण अशी की चांदीचा फोटो तसाच भट्टीत घातला तर टिकत नाही, काचेत चांदी गेली की पिवळा डाग होतो, चेहरा जातो. म्हणून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट भुकटीची, आणि ही मला फार आवडते कारण ही सरळसरळ तिळगुळाच्या पाकासारखी आहे. डिंक, साखर, मध असलं काहीतरी चिकट, त्यात बायक्रोमेट नावाचं नारिंगी मीठ घालायचं आणि काचेवर पातळ थर द्यायचा. बायक्रोमेटचा गुण असा की उजेड लागला की त्याच्याबरोबरचा चिकट पदार्थ कडक होतो. वर फोटोची काचेवरची पॉझिटिव्ह ठेवून उन्हात धरलं की जिथून ऊन गेलं तिथला पाक सुकून चिकटपणा जातो, जिथे सावली होती, म्हणजे केस, कोट, डोळ्याची बाहुली, तिथे पाक ओलसरच राहतो. मग मऊ ब्रशने मातीच्या रंगाची भुकटी फिरवायची, लोखंड, मँगनीज, कोबाल्ट यांची ऑक्साइडं, काचेसारखं वितळणारं फ्लक्स मिसळून. ओल्या जागी भुकटी बसते, कोरड्या जागेवरून झडून जाते, आणि तुमच्यासमोर चेहरा वर येतो. हवा कोरडी असली तर कारागीर त्या थरावर हलकेच श्वास सोडायचे, तेवढ्या दमटपणाने पाक परत चिकट व्हायचा. चेहरा नीट आला की वर कोलोडियनचा, म्हणजे सुकून पारदर्शक होणाऱ्या चिकट द्रावणाचा, पापुद्रा द्यायचा, तो पापुद्रा चित्रासकट पाण्यात सोडवून घ्यायचा, मीना चढवलेल्या तांब्याच्या तुकड्यावर किंवा पोर्सिलेनवर बसवायचा, वाळवायचा, भट्टीत. पापुद्रा जळून जातो, रंग वितळून काचेत बसतो. ही भुकटीची पद्धत १८५८ च्या आसपास गार्निए आणि साल्मों यांनी पुढे आणली. त्याच्या मागचं बायक्रोमेटचं गणित पोआत्व्हँने १८५५ मध्ये मांडलेलं.

दुसरी वाट बदलीची. कोलोडियनवरचा चांदीचा फोटो घ्यायचा आणि त्याला प्लॅटिनम, सोनं, इरिडियम अशा धातूंच्या द्रावणात बुडवायचं, चांदीची जागा हे धातू घेतात, आणि हे धातू भट्टीला भीक घालत नाहीत. अशा चित्रात भुकटीचा रवा दिसत नाही, फार गुळगुळीत असतात.

एनॅमल म्हणजे आपल्या मीनाकारीतली मीनाच, धातूवर वितळवलेली काच. पोर्सिलेन म्हणजे चिनीमाती. बाजारात दोन्हीला सर्रास एनॅमल म्हणतात, तिकडे फार लक्ष देऊ नका.

२. पिशवीत काय ठेवायचं

- सोनाराचं दहा पटीचं भिंग. वीस पटीचं घेऊ नका, हात थरथरतो आणि काही दिसत नाही.
- छोटा टॉर्च, मोबाइलचा चालतो पण वेगळा असला तर एका हातात उजेड, दुसऱ्या हातात भिंग असं जमतं.
- फ्रिजवरचं छोटं लोहचुंबक, कापडात गुंडाळून.
- जाड मऊ टॉवेलचा तुकडा. नग नेहमी याच्यावर धरून बघायचा, डांबरी रस्त्याच्या वर नाही. माझा एक नग रस्त्यावर पडून कडेला उडालाय, दोष माझाच.
- सहा इंची पट्टी आणि वही.

लंडनमधला बर्मंडसीचा शुक्रवारचा बाजार पहाटे भरतो, तिथे थंडीत अंधारात बघायला लागतं, टॉर्च विसरू नका. पॅरिसला गेलात तर व्हाँव्हचा शनिवार-रविवारचा बाजार सेंत-वाँच्या बाजारापेक्षा नवशिक्याला बरा, निदान मला बरा वाटला, माणसं कमी खेकसतात.

३. हातात घ्या आणि कड बघा

पुढचा चेहरा बघायचा मोह होतोच, पण आधी नग उलटा करा आणि कड बघा. खरी गोष्ट कडेला कळते.

तांब्यावरची मीना असेल तर नग पातळ असतो, किंचित फुगीर, घड्याळाच्या जुन्या काचेसारखा. मागे पण मीना असते, पांढरी किंवा निळसर-करडी, कधी ठिपकेदार, कारण एकाच बाजूला मीना दिली तर थंड होताना तुकडा वाकतो आणि मीना तडकते. कडेला टवका उडाला असेल तर आत काळपट-तांबूस धातू दिसतो.

पोर्सिलेन असेल तर जाड, बहुतेक सपाट, टवक्याच्या आत पांढरीशुभ्र माती दिसते, साखरेच्या खड्यासारखी.

कड उजेडासमोर धरल्यावर दुधासारखी उजळली तर ती दुधी काच, त्यावरच्या फोटोला ओपलोटाइप म्हणतात, १८५७ मध्ये लिव्हरपूलच्या ग्लोव्हर आणि बोल्ड यांनी त्याचं पेटंट घेतलं होतं. दिसायला सुंदर असतात, पण तो फोटो काचेवर नुसता बसवलेला असतो, भाजलेला नसतो. विकणारे यालाच पोर्सिलेन म्हणून विकतात, आणि खोटं बोलायचं म्हणून नाही, बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं.

गालाला लावून बघा. मीना आणि पोर्सिलेन गार लागतात आणि बराच वेळ गार राहतात. सेल्युलॉइड लगेच अंगाच्या उबेला येतं, वजनाला पण हलकं लागतं, आणि चोळलं तर तो कापराचा वास. अमेरिकेत १८९० नंतर अशी फोटोची बटणं आणि बिल्ले गाडीभर निघाले, ती सगळीकडे पसरलीत.

*इथे लोक फसतात:* कुणीतरी सांगेल गरम सुई टोचून बघ. अजिबात करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

चुंबक लावा. तांब्याला ओढत नाही, पोर्सिलेनला ओढत नाही. ओढलं म्हणजे आत लोखंडाचा पत्रा आहे, तशा नगाकडे मी विसाव्या शतकातला समजूनच बघते. पण फ्रेम लोखंडाची असू शकते, त्यामुळे चुंबक मधोमध लावून बघा, आणि कापडासकट, चरा पाडू नका.

४. आता भिंग

इथे घाई केली तर पैसे गेले. तीन गोष्टी बघायच्या.

एक, ठिपके. ओळीत, जाळीत, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसले तर तो छापील आहे, ही जाळीची छपाई १८८० नंतर पसरली. इथे एक घोटाळा मी स्वतः दोन वर्षं केला: ठिपके दिसले म्हणजे भाजलेलं नाही असं धरून चालले. चूक. छापील चित्राचा पापुद्रा पण चिनीमातीवर लावून भाजतात, तुमच्या घरातल्या कपावरची फुलं तशीच आलेली असतात. म्हणजे ठिपके सांगतात की हे उजेडाने थेट उमटलेलं नाही, नंतरच्या काळातलं आहे. भाजलंय की नाही ते वेगळं बघायचं.

दोन, रवा. भुकटीच्या पद्धतीतल्या नगात बारीक, वेडावाकडा रवा दिसतो, कुठे दाट कुठे विरळ, रांगोळी चिमटीतून सोडल्यावर कडेला जशी उडते तशी.

तीन, ब्रश. जवळजवळ सगळ्या नगांवर कुणीतरी हात फिरवलेला असतो, ओठ, गाल, दागिना, आणि त्या रंगासाठी परत भट्टी. हाताचं काम दिसलं म्हणून निराश होऊ नका. पण सगळंच ब्रशचं असेल, चेहरा बारीक ठिपक्या-रेषांनी भरत नेलेला, आणि रवा कुठेच नाही, तर ते फोटोवरून काढलेलं चित्र आहे. जर्मनीतल्या पोर्सिलेनच्या फरशांवर असली चित्रं खूप निघाली, महाग असतात, चांगलीही असतात, पण ती वेगळी गोष्ट.

माझ्याकडे एक बाई आहे, उंची साडेचार सेंटिमीटर, तांब्यावरची मीना, रंग काळपट-चॉकलेटी. नुसत्या डोळ्याने बघितलं तर शांत बसलेली पन्नाशीची बाई. भिंगातून बघितलं की कॉलरच्या लेसची भोकंन् भोकं मोजता येतात, केस मागच्या फिक्या जागेत विरत जातात तिथे भुकटी विरळ होत गेलेली स्पष्ट दिसते, डावी पापणी धूसर आहे आणि उजवीवर कुणीतरी ब्रशने दोन रेषा मारल्यात. बाई पापणी लववून गेल्या असणार आणि कारागिराने एकच डोळा सुधारला, दुसऱ्याचा कंटाळा केला. बाहीवर टाचणीच्या टोकाएवढं काळं छिद्र आहे, भाजताना बुडबुडा फुटलेला, त्यातून खालचं तांबं दिसतं. हे एक छिद्र मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त पटतं.

५. तिरका उजेड

टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा आणि नग हळूहळू फिरवा. भाजलेल्या नगावर चकाकी एकसंध धावते, काळ्या कोटावरून पांढऱ्या कॉलरवर जाताना मध्ये अडखळत नाही, कारण रंग काचेत बुडालाय. किंचित उंचवटा असू शकतो, रंग जाड असेल तिथे, पण धार नसते.

नुसतं चिकटवलेलं असेल तर पापुद्र्याची कड कुठेतरी दिसते, बहुतेक फ्रेमच्या आत, जिथे तो उचलला गेलाय. पोर्सिलेनवर कार्बनचा फोटो चढवायची पद्धत होती, तो जिलेटिनचा थर असतो, दिसायला इतका सुंदर की पहिल्यांदा फसायलाच होतं. पोर्सिलेन खरं, फोटो खरा, फक्त भट्टी नाही. म्हणून ओला बोळा फिरवून बघू का असं मनात आलं तर हात मागे घ्या, जिलेटिन पाण्याने फुगतं आणि कुणाच्या तरी पणजीचं नाक तुमच्या बोळ्याला येतं.

६. वय कसं काढायचं

ब्रोच असेल तर मागची पिन बघा. साधा इंग्रजी सी अक्षरासारखा आकडा आणि फ्रेमच्या बाहेर डोकावणारी लांब पिन, हे साधारण १९१० च्या आधीचं लक्षण. फिरवून बंद करायचं कुलूप असेल तर नंतरचं. पिन बदललेली असू शकते, डाग दिलेला दिसतो का बघा.

कपड्यांवरून काढतात लोक. मधोमध भांग आणि कानांवरून घेतलेले केस म्हणजे १८५०-६० कडे, खांद्याशी फुग्यासारख्या बाह्या म्हणजे १८९० नंतरची मधली वर्षं. ठीक आहे, पण यात मोठी मेख आहे. यातली कितीतरी पोर्ट्रेटं माणूस गेल्यावर करून घेतलेली असतात, जुन्या फोटोवरून. कपडे फोटोचं वय सांगतात, मीनाचं नाही. नवऱ्याचा तरुणपणीचा फोटो बायकोने वीस वर्षांनी ब्रोचमध्ये बसवून घेतला असेल तर तुम्ही वीस वर्षांनी चुकलात. मी वहीत नेहमी दोन तारखा लिहिते, एक कपड्यांवरून, एक मालावरून.

मागे नाव असेल तर उत्तमच, कामारसाकसारख्यांच्या सह्या सापडतात. पण स्टुडिओचं नाव म्हणजे त्याच स्टुडिओने भाजलं असं नाही. गावोगावचे फोटोग्राफर निगेटिव्ह शहरातल्या एनॅमलवाल्याकडे पाठवून करून घ्यायचे, घरात भट्टी कोण ठेवणार. आणि लिमोज (पोर्सिलेनसाठी गाजलेलं फ्रान्समधलं शहर) हा शब्द तर विसरूनच जा. अमेरिकेत सिअर्सच्या कॅटलॉगमधून थडग्यांसाठी अशी पोर्ट्रेटं लिमोज पोर्सिलेन म्हणून टपालाने विकली जायची. शब्द फ्रेंच, त्यामुळे माल फ्रेंच असं समजू नका.

७. पैसे देण्याआधी

दोन गोष्टी, दोन्ही गंभीर.

पहिली, थडग्यावरचे फोटो. इटलीत, पूर्व युरोपात, अमेरिकेतल्या ज्यू आणि इटालियन लोकांच्या दफनभूमींत हे लंबगोल भरपूर आहेत. शिकागोजवळ ओक पार्कला १८९३ पासून डेडूच नावाची कंपनी हेच बनवत होती, इतकी की तिकडे या फोटोंना ‘डेडो’ असंच म्हणायला लागले. हे फोटो दगडावरून खरवडून विकले जातात. मागे सिमेंटचे किंवा चुन्याचे डाग, कडेला छिन्नीचे उडालेले टवके, पाठ रंगवलेली नसणं, असं दिसलं तर घेऊ नका. स्वस्त मिळतात, माहितीये. कुणाच्या तरी आईच्या थडग्यावर आज तिथे खड्डा आहे एवढं लक्षात ठेवा.

दुसरी, हस्तिदंत. छोटं लंबगोल पोर्ट्रेट, फिकट पिवळसर, गार पण फार गार नाही, आणि उजेडासमोर बारीक समांतर रेषा दिसल्या तर ते हस्तिदंतावरचं असू शकतं, खाली फोटो आणि वर रंग असंही करायचे. ब्रिटनमध्ये ६ जून २०२२ पासून हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीचा कायदा कडक झाला, १९१८ आधीच्या छोट्या पोर्ट्रेटना सूट आहे, ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंत, पण त्यांची सरकारकडे नोंदणी झालेली लागते. भारतात न्यायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, तिकडे बंदी आहे. आईला गिफ्ट म्हणून बॅगेत टाकून निघालात आणि विमानतळावर अडकलात तर एनॅमल समजून घेतलं होतं हे कोण ऐकणार.

घेताना एवढे कागद मागा किंवा स्वतः तयार करा:

- पावती, तारखेसकट, आणि त्यावर विकणाऱ्याच्या हाताने माल काय ते लिहून, म्हणजे तांब्यावर मीना की पोर्सिलेन. नुसतं जुना ब्रोच असं लिहिलेली पावती काही कामाची नाही.
- कुठून आलं याच्या दोन ओळी, घर रिकामं करताना, लिलावातून, जे असेल ते.
- हस्तिदंताची शंका असेल तर नोंदणीचा कागद. नसेल तर नग खाली ठेवा आणि पुढे चला.
- तिथल्या तिथे मोबाइलवर चार फोटो: पुढून, मागून, कड, आणि पट्टीसकट.

विकणारा लिहून द्यायला कुरकुरला तर तेच उत्तर समजा.

८. घरी आणल्यावर काय करायचं नाही

करायच्या गोष्टी थोड्या आहेत, न करायच्या जास्त.

माझ्या एका ब्रोचची फ्रेम काळी पडली होती म्हणून मी एका सोनाराकडे चकाकी द्यायला दिला, नीट बजावलं की मधल्या पोर्ट्रेटला हात लावू नका. त्याने हात लावला नाही, सगळा ब्रोच तसाच त्या थरथरणाऱ्या पाण्याच्या मशीनमध्ये टाकला ज्यात अंगठ्या धुतात. मीनाला आधीपासून केसासारखी चीर होती, मला दिसली नव्हती. परत घेतला तेव्हा पोर्ट्रेटमधल्या गृहस्थांच्या उजव्या खांद्याचा टवका वेगळ्या पुडीत बांधून दिला, वर म्हणतो कसा, मॅडम चिकटवून देऊ का. तर मशीन नाही, फेविक्विक नाही, टूथपेस्ट नाही, ब्रासो नाही, गरम पाणी तर नाहीच, तापमान एकदम बदललं की तांबं आणि मीना वेगवेगळ्या गतीने फुगतात आणि टवका उडतो.

भाजलेलं आहे याची खात्री असेल, आणि चीर किंवा टवका नसेल, तरच डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा, एकदा हलकेच, लगेच कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यायचं. फ्रेमच्या खाचेत पाणी जाऊ द्यायचं नाही, आतलं तांबं हिरवं पडतं. खात्री नसेल तर फक्त कोरडा मऊ ब्रश.

जुन्या मीनात आणि फ्लक्समध्ये बऱ्याचदा शिसं असतं. अख्ख्या नगाला हात लावल्याने काही होत नाही, पण टवके उडालेला असेल तर हात धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. घासून-बिसून तर नकोच.

ठेवताना आम्लरहित टिश्यू, छोटा डबा, एकावर एक नाही. वसईला माझ्या आईने एक नग देव्हाऱ्याजवळ ठेवला होता, समईच्या उबेशी. तिथून हलवायला तीन फोन लागले.

९. फोटो काढायचा असेल तर

स्कॅनरवर ठेवू नका, फुगीर असतो, मधला भाग नीट येतो आणि कडा धूसर, वर दिव्याची पट्टी चेहऱ्यावर. खिडकीजवळ बाजूचा उजेड घ्या, काळ्या कार्डबोर्डला भोक पाडून त्यातून मोबाइलची लेन्स बाहेर काढा, म्हणजे तुमचं स्वतःचं थोबाड त्या चकाकीत दिसणार नाही. पट्टी शेजारी ठेवा. मागची बाजू काढायला विसरू नका, पुढे कधी कुणाला दाखवायचं झालं तर जाणकार माणूस आधी तीच मागतो.

गेल्या नोव्हेंबरमध्ये वसईला गेले होते. भिंग पर्समध्ये होतंच, आजोबांच्या थडग्यावरच्या फोटोला लावलं. ठिपके. व्यवस्थित जाळी, छापील पापुद्रा लावून भाजलेला, कामारसाकचा काही संबंध नाही. मी तिथे उकिडवी बसून तिरका टॉर्च मारतेय, आजूबाजूचे लोक बघतायत, तेवढ्यात मावशी मागून आली, बाजूला हो म्हणाली आणि पाण्याची अख्खी बादली आजोबांच्या फोटोवर ओतली. मी ओरडले. मग फोटोकडे बघितलं. पाणी ओघळून गेलं, आजोबांची टोपी, चष्मा, सगळं होतं तसंच. मावशीने पदराने चष्म्यावरचं थोडं पाणी पुसलं आणि शेवंतीची माळ घालायला लागली.